अमेरिकेतील सार्वजनिक जागेत सणाचा देखावा मांडताना : नवागतांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत नव्याने स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना डिसेंबर महिन्यात गावच्या चौकात, सिटी हॉलसमोर किंवा राज्याच्या कॅपिटॉल इमारतीत (विधानभवनात) एकाच ओळीत फार वेगवेगळ्या गोष्टी पाहायला मिळतात. उंच ख्रिसमस ट्री असते, येशूच्या जन्माचा गोठा असतो, ज्यू समाजाचा नऊ दिव्यांचा मेनोरा असतो, आणि काही ठिकाणी त्यांच्या शेजारीच ‘देव नाहीत, देवदूत नाहीत, आहे ती केवळ निसर्गसृष्टी’ अशा आशयाचा निरीश्वरवाद्यांचा फलकही असतो. सरकारी जागेत गोठा कसा चालतो, आणि चालत असेल तर त्याचे खंडन करणारा फलक त्याच्या शेजारी कोणी लावू दिला, असे दोन प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येतात. तिसरा प्रश्न बहुधा महाराष्ट्र मंडळाच्या बैठकीत निघतो, तो म्हणजे आपला आकाशकंदील आणि रांगोळी तिथे का असू नये.

हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नासाठी लिहिला आहे, मात्र पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे समजल्याखेरीज तिसऱ्याचे उत्तर हाती लागत नाही. ज्या नियमामुळे आपल्या कंदिलाला जागा मिळते, त्याच नियमामुळे निरीश्वरवाद्यांच्या फलकालाही मिळते, आणि एकाला नाकारून दुसऱ्याला ठेवण्याची सोय त्या नियमात नाही. हे मनापासून मान्य असेल तरच मंडळाने अर्ज करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी : जागा कोणाची आणि बोलतो कोण, हे ओळखणे

गणेशोत्सवाच्या मंडपासाठी महापालिका, पोलीस आणि अग्निशमन दल यांच्या परवानग्या काढण्याची आपल्याला सवय असते. रस्ता पालिकेचा असला तरी मंडपातला देखावा पालिकेचा आहे की मंडळाचा, असे तिथे सहसा कोणी विचारीत नाही. अमेरिकेत नेमका हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. १७९१ साली अमलात आलेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करण्यास मनाई केली आहे, आणि त्याच दुरुस्तीने लोकांच्या धर्माचरणाला व भाषणस्वातंत्र्यालाही संरक्षण दिले आहे. त्यामुळे देखाव्यातून सरकार बोलत असेल तर एक नियम लागतो आणि खाजगी व्यक्ती किंवा संस्था बोलत असेल तर दुसरा. दोन्ही नियम एकाच चौकात, एकाच आठवड्यात, शेजारीशेजारी लागू असू शकतात.

पिट्सबर्गच्या खटल्यावरून हे चांगले कळते. तिथल्या अ‍ॅलेगेनी काउंटीच्या न्यायालयात मुख्य जिन्यावर एका कॅथलिक संस्थेने दिलेला गोठा एकटाच मांडला जात असे, आणि ती मोक्याची जागा इतर कोणासाठी खुली नव्हती. काही अंतरावरच्या दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी ख्रिसमस ट्री, १८ फुटी मेनोरा आणि स्वातंत्र्याला वंदन करणारा महापौरांचा फलक असा एकत्र देखावा होता. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने जिन्यावरचा गोठा घटनाबाह्य ठरवला, कारण त्यातून काउंटी सरकारच ख्रिस्ती धर्माला पाठिंबा देत असल्याचे दिसत होते, आणि मेनोरा असलेला देखावा मात्र वैध ठरवला. त्याआधी १९८४ साली ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट शहराचा गोठा, सांताचे घर आणि रेनडिअर यांच्यासह मांडलेला असल्याने, न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केला होता. या दोन्ही निकालांत सरकार स्वतः काय मांडू शकते याचा विचार झाला होता.

आपल्यासारख्या संस्थांना अधिक उपयोगाचा निकाल १९९५ सालचा आहे. ओहायोची राजधानी कोलंबस इथला कॅपिटॉल चौक हा सर्वांना भाषणे आणि देखावे करण्यासाठी खुला होता. तिथे कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेने क्रूस उभारण्याची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली. अर्जदार कितीही तिरस्करणीय असला तरी सर्वांसाठी खुल्या असलेल्या जागेतून केवळ धार्मिक आशयामुळे कोणाला वगळता येत नाही, असा निकाल सात विरुद्ध दोन मतांनी लागला. अशा खुल्या जागेला इथे ‘पब्लिक फोरम’ म्हणतात. अर्ज करण्याआधी आपल्या गावचा चौक पब्लिक फोरम आहे का, हे शोधणे हे मंडळाचे पहिले काम.

तो नसेल तर काय होते, हे मिशिगनमधील वॉरन शहरात दिसले. तिथल्या सरकारी इमारतीतील सणाचा देखावा शहर स्वतः मांडत असे आणि त्यात गोठ्याबरोबर रोषणाईचे झाड, रेनडिअर, बर्फाचे बाहुले (स्नोमॅन) असे बरेच काही होते. त्यात आपला फलक ठेवावा ही फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन या निरीश्वरवाद्यांच्या संघटनेची मागणी महापौरांनी नाकारली, आणि २०१३ साली अपील न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली, कारण तो देखावा म्हणजे शहराचे स्वतःचे बोलणे होते. आपल्या गावातही देखावा सिटी हॉल स्वतःच्या खर्चाने मांडत असेल, तर त्यात कंदील लावण्याचा हक्क कोणाला सांगता येत नाही. तिथे विनंती करता येते, कौन्सिल सदस्याला भेटता येते, दिवाळीचे अधिकृत घोषणापत्र काढण्याची मागणी करता येते. ‘हक्क’ हा शब्द मात्र त्या पत्रात घालू नये.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने या विषयातील जुनी कसोटी सोडून इतिहास आणि परंपरा यांवर भर दिला आहे, त्यामुळे ‘रेनडिअर ठेवले की गोठा चालतो’ यासारख्या जुन्या ठोकताळ्यांवर विसंबून राहता येत नाही. सरकारचे बोलणे आणि खाजगी बोलणे हा भेद मात्र तसाच कायम आहे.

दुसरी पायरी : लेखी धोरण मिळवणे

सिटी क्लर्कच्या किंवा पार्क विभागाच्या कार्यालयातून देखाव्यांविषयीचे लेखी धोरण मागून घ्यावे. तोंडी उत्तरावर समाधान मानू नये, मग उत्तर होकारार्थी असले तरीही. धोरणात अर्ज कोण करू शकतो, किती दिवस देखावा ठेवता येतो, उंची आणि क्षेत्रफळाची मर्यादा काय, शुल्क किती, अर्ज जास्त आल्यास सोडत काढतात की आधी येणाऱ्यास प्राधान्य देतात, आणि कोणी राखणीला नसताना रात्री देखावा ठेवता येतो का, या गोष्टी पाहाव्यात.

मराठी मंडळांची गाडी इथे हमखास एका ठिकाणी अडते. अनेक गावांच्या धोरणात सणाचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतर सुरू होऊन नववर्षापर्यंत चालतो असे गृहीत धरलेले असते. दिवाळी बहुतेक वर्षी त्याच्या आधीच संपते. २०२६ साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला. २०२७ साली तर दिवाळी ऑक्टोबरातच येते. अशा वेळी डिसेंबरच्या देखाव्यात सामील होण्याचा अर्ज करून काही साध्य होत नाही. त्याऐवजी वर्षभर लागू असलेल्या सर्वसाधारण परमिटखाली तारखा मागाव्यात, किंवा धोरणातील हंगामाची व्याख्या विस्तारावी असा प्रस्ताव उन्हाळ्यातच सिटी कौन्सिलपुढे ठेवावा. हे काम सप्टेंबरपर्यंत लांबवले तर वर्ष वाया जाते.

आधीच्या वर्षांत कोणाकोणाला परवानग्या दिल्या याची नोंदही मागावी. प्रत्येक राज्यात सरकारी नोंदी पाहण्याचा कायदा आहे. त्या नोंदीचे मोल बोस्टनच्या ध्वजस्तंभाच्या खटल्यात दिसले. बोस्टनने सिटी हॉलसमोरच्या स्तंभावर खाजगी गटांचे ध्वज फडकवण्याचे २८४ प्रसंग मंजूर केले होते आणि त्यांत एकालाही नकार दिला नव्हता. त्यानंतर एका ख्रिस्ती ध्वजाला नकार दिला, तेव्हा २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शहराविरुद्ध निकाल दिला. सर्वांना होकार देत आलेले सरकार ऐनवेळी ‘हे आमचे बोलणे आहे’ असे म्हणू शकत नाही, हा त्याचा अर्थ. या निकालानंतर बोस्टनने आपले नियम बदलले आणि इतर शहरांनीही ध्वजाविषयीची धोरणे आवळली, म्हणून १५ ऑगस्टला सिटी हॉलवर तिरंगा फडकवण्याची प्रथा असलेल्या मंडळांनी आपल्या गावाचे नवे धोरण एकदा वाचून घ्यावे.

तिसरी पायरी : काय मांडायचे ते ठरवणे

खुल्या जागेत देखावा धार्मिक आहे म्हणून नाकारता येत नाही, त्यामुळे लक्ष्मीची मूर्ती ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाही. तरीही मूर्ती पावसात, थंडीत, रात्री राखणीविना दिवसचे दिवस उघड्यावर राहावी का, हे आपल्या श्रद्धेलाच विचारून ठरवावे. माझी शिफारस मोठ्या आकाशकंदिलाची आणि किल्ल्याची आहे. मुलांनी माती-दगडांचा किल्ला करणे ही दिवाळीची खास मराठी रीत इतर भारतीयांनाही फारशी ठाऊक नसते, आणि २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केल्यामुळे शेजारच्या माहितीफलकावर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. किल्ला ओल्या मातीचा न करता लाकडी चौकटीवर करावा, म्हणजे हिरवळ खराब होत नाही आणि तो उचलून नेता येतो.

रांगोळीतील स्वस्तिकाचा निर्णय बैठकीत उघडपणे घ्यावा. ते काढण्याचा आपल्याला हक्क आहे. पण नाझी अत्याचारांच्या आठवणी ज्या कुटुंबांत अजून जिवंत आहेत, ती कुटुंबे त्याच चौकातून जातात, आणि लांबून पाहणाऱ्याला दोन चिन्हांतला फरक कळत नाही. काढायचेच असेल तर शेजारी ठळक स्पष्टीकरण ठेवावे आणि स्थानिक सिनेगॉगला आधी भेटून सांगावे. राखणीविना ठेवलेल्या रांगोळीत ते काढू नये, असे मला वाटते. घरच्या उंबऱ्यावर ते काढायला कोणाचीच हरकत नसते.

पणत्या उघड्या ज्योतीच्या असतील तर फायर मार्शलची वेगळी परवानगी लागू शकते. दीपप्रज्वलनाच्या तासाभरासाठी ती घ्यावी आणि एरवी विजेचे दिवे वापरावेत. बाहेरच्या वापरासाठी प्रमाणित केलेल्या वायरी, वाऱ्यात न उलटणारा पाया आणि जमिनीत खुंट्या ठोकता येतात की वजने ठेवावी लागतात, एवढे आधी विचारून घ्यावे.

मराठी समाजात आगरकरांपासून चालत आलेली बुद्धिवादी परंपरा आहे, आणि अमेरिकेतल्या मराठी माणसांतही निरीश्वरवादी आहेत. त्यांना स्वतःचा फलक लावायचा असेल तर वरचे सर्व नियम शब्दशः त्यांनाही लागू होतात. १९६३ साली स्थापन झालेली अमेरिकन एथिइस्ट्स किंवा विस्कॉन्सिनमधील मॅडिसन इथली फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन यांना अशा फलकांचा दीर्घ अनुभव आहे. मजकूर मवाळच हवा असे कायदा सांगत नाही. माझे मत विचाराल तर आपण काय मानतो हे सांगणारा फलक लोक थांबून वाचतात, आणि इतर काय चुकीचे मानतात एवढेच सांगणाऱ्या फलकाभोवती केवळ भांडण उभे राहते.

चौथी पायरी : अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज व्यक्तीच्या नावाने करण्यापेक्षा नोंदणीकृत मंडळाच्या नावाने करावा. भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण केवळ नागरिकांपुरते नाही, तरीही करारावर सही करण्यासाठी, विमा काढण्यासाठी आणि नुकसानीची जबाबदारी घेण्यासाठी संस्था असणे सोयीचे असते. बहुतेक शहरे सार्वजनिक दायित्वाचा विमा मागतात, त्याची रक्कम अनेकदा १० लाख डॉलर असते, आणि त्या पॉलिसीत शहराचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालावे लागते. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमांसाठी अशी पॉलिसी आधीच असेल तर विमा एजंटकडून केवळ एक प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याखेरीज जागेचा नकाशा, देखाव्याचे मोजमापासह रेखाचित्र, विजेची गरज आणि उभारणी व काढणीच्या तारखा जोडाव्यात.

शुल्काबाबत एक नियम ठाऊक असलेला बरा. तुमच्या देखाव्याविरुद्ध निदर्शने होतील आणि पोलीस जास्त लागतील, अशा अंदाजाने शुल्क वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली जॉर्जियातील एका काउंटीच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. सर्वांना सारखे लागणारे वाजवी शुल्क मात्र द्यावेच लागते.

पाचवी पायरी : शेजारच्या देखाव्याची तयारी

या पायरीवर मंडळे सर्वांत कमी विचार करतात. देखाव्याला लागून ‘हा देखावा अमुक मंडळाने स्वखर्चाने मांडला आहे, शहराने तो पुरस्कृत केलेला नाही’ असा सुवाच्य फलक लावावा. शहराने सक्ती केली नसली तरी लावावा. कोलंबसच्या खटल्यात सहमत न्यायमूर्तींपैकी काहींनी अशा फलकाला महत्त्व दिले होते, आणि शहराच्या वकिलालाही त्यामुळे परवानगी देणे सोपे जाते.

यानंतर शेजारी काय येऊ शकते याची कल्पना सभासदांना आधीच द्यावी. २००८ साली वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिंपिया इथल्या कॅपिटॉलमध्ये गोठ्याजवळ धर्म म्हणजे केवळ मिथक आणि अंधश्रद्धा आहे असे सांगणारा फलक लागला. तो चोरीला गेला, सापडला, देशभर गदारोळ झाला, आणखी अर्जांची रीघ लागली, आणि पुढच्या वर्षी इमारतीच्या आत खाजगी देखावे बंद करण्यात आले. फ्लोरिडाच्या कॅपिटॉलमध्ये २०१३ साली गोठ्यापाठोपाठ बिअरच्या डब्यांचा खांबही आला. त्याच वर्षी सेटॅनिक टेम्पल या संस्थेचा देखावा आक्षेपार्ह म्हणून नाकारण्यात आला आणि वकिलांच्या पत्रानंतर २०१४ साली तो मान्य करावा लागला. आपल्या कंदिलापासून दहा फुटांवर असा देखावा आला तर मंडळाची भूमिका काय असेल, याचा ठराव उभारणीच्या आधी झाला पाहिजे.

माझ्या मते ती भूमिका एकच असू शकते. शेजाऱ्याच्या मजकुराशी आम्ही सहमत नाही, पण त्याच्या जागेचा हक्क आमच्याइतकाच आहे, असे विचारल्यावर सांगावे. त्याचा फलक हलवा अशी मागणी शहराकडे करू नये. अल्पसंख्य समाजाने ही मागणी करणे विशेष धोक्याचे आहे, कारण आक्षेपार्ह वाटते म्हणून एक देखावा हटवण्याची मुभा अधिकाऱ्याला मिळाली, की ती मुभा पुढे ज्याच्यावर चालते तो बहुतेक वेळा गावात संख्येने कमी असलेला गट असतो, आणि बहुतेक अमेरिकन गावांत तो गट आपणच आहोत. शक्य असल्यास चर्चचे, ज्यू संस्थेचे आणि निरीश्वरवाद्यांचे स्थानिक प्रतिनिधी यांना उभारणीच्या दिवशी चहा-फराळाला बोलवावे.

सहावी पायरी : नकार आला तर

नकार लेखी आणि कारणासह मागावा. जागा भरली, अर्ज उशिरा आला, उंची जास्त आहे, ही कारणे सर्वांना सारखी लावली असतील तर ती स्वीकारावीत. ‘हा धार्मिक आहे’, ‘हा इथला सण नाही’ किंवा ‘लोकांना आवडणार नाही’ असे कारण असेल तर आधीच्या परवानग्यांची नोंद जोडून शहराच्या वकिलाला पत्र पाठवावे. बरीच प्रकरणे याच टप्प्यावर सुटतात. त्यानंतरही अडले तर अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या राज्यशाखेशी किंवा घटनात्मक कायद्याच्या स्थानिक वकिलाशी बोलावे.

खटल्याच्या आधी एक गोष्ट तोलून पाहावी, ती म्हणजे शहर सर्वांसाठीच जागा बंद करू शकते. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिकाच्या पॅलिसेड्स पार्कमध्ये १९५० च्या दशकापासून ख्रिस्तजन्माचे देखावे मांडले जात होते. २०११ साली सोडतीत २१ पैकी १८ जागा निरीश्वरवाद्यांना मिळाल्या, तंटा वाढला, आणि २०१२ साली शहराने राखणीविना ठेवलेले सर्व देखावे बंद केले. बंदी सर्वांना सारखी असल्याने अपील न्यायालयाने २०१५ साली ती वैध ठरवली. चर्चच्या मंडळींनी मग देखावे खाजगी जागेत हलवले. आपल्यापुढेही मंदिराचे आवार, दुकानांचा चौक किंवा एखाद्या चर्चची हिरवळ हा पर्याय खुला असतो, आणि तिथे केवळ मालकाची परवानगी पुरते. स्वतःच्या अंगणात लावायचे असल्यास घरमालक संघाच्या नियमांत सजावटीच्या तारखा पाहाव्यात; तिथेही हंगाम नाताळापुरताच लिहिलेला असण्याचा संभव असतो.

शाळांविषयी थोडक्यात

सरकारी शाळा हा पब्लिक फोरम नसतो. वर्गातली सजावट म्हणजे शाळेचे बोलणे, त्यामुळे पालकांनी तिथे हक्काची भाषा न वापरता शिक्षकांशी बोलून दिवाळीची माहिती, कंदील तयार करण्याचा उपक्रम किंवा फराळाची ओळख असे शैक्षणिक स्वरूप सुचवावे. आरती किंवा पूजा वर्गात करू नये.

सातवी पायरी : देखाव्याचे दिवस आणि काढणी

दिवाळी अनेकदा नोव्हेंबरच्या निवडणुकीच्या जवळपास येते. करमुक्त धर्मादाय संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, म्हणून दीपप्रज्वलनाला पदाधिकारी आले तर त्यांचे स्वागत पदाच्या नावाने करावे, व्यासपीठावरून कोणासाठी मत मागू देऊ नये, आणि एका उमेदवाराला बोलावले तर प्रतिस्पर्ध्यालाही बोलवावे.

देखाव्याची नासधूस झाली तर आधी छायाचित्रे काढून पोलिसांत तक्रार नोंदवावी, विमा कंपनीला कळवावे, आणि समाजमाध्यमांवर कोणावर संशय व्यक्त करू नये. शेजारच्या फलकाची नासधूस झाल्यास मंडळाने त्याचाही निषेध त्याच दिवशी लेखी करावा. आपल्यापैकी कोणी रागाच्या भरात दुसऱ्याच्या देखाव्याला हात लावला तर तो फौजदारी गुन्हा आहे, आणि व्हिसावर असलेल्या माणसाच्या इमिग्रेशनवरही त्याचा परिणाम होऊ शकतो, हे स्वयंसेवकांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे.

ठरलेल्या तारखेला देखावा काढावा, खुंट्यांची भोके बुजवावीत, रांगोळी धुऊन टाकावी आणि स्वच्छ जागेची छायाचित्रे पार्क विभागाला पाठवावीत, म्हणजे अनामत रक्कम परत मिळण्यास अडचण येत नाही. परमिट, विम्याचे प्रमाणपत्र, धोरणाची प्रत आणि शहराशी झालेला पत्रव्यवहार एका फाइलमध्ये ठेवून ती पुढच्या कार्यकारिणीच्या चिटणिसाकडे सोपवावी, आणि पुढच्या वर्षीच्या अर्जाची तारीख त्याच दिवशी मंडळाच्या दिनदर्शिकेत लिहावी.